शेवटच्या बाकाची झडती
(१९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि सोबत तंबीही दिली आहे : "कोर्टातलं काहीतरी सांग, पण कलमं म्हणून दाखवू नकोस." प्रयत्न करतो. पंचवीसहून अधिक वर्षे मी भिवंडी आणि ठाण्याच्या न्यायालयांत फौजदारी वकिली करतो. एवढ्या वर्षांत खून, दरोडे यांचे खटले थोडे आले. खरे काम केले ते जामिनाचे. आणि जामिनाच्या कामात एक गोष्ट रोज दिसते, जिच्याबद्दल आपण मित्र एकमेकांशी कधी मोकळेपणाने बोलत नाही. तीच आज बोलायची आहे. माणसाने काय केले यापेक्षा तो कोण आहे, कुठल्या वस्तीतला आहे, आडनाव काय आहे, यावरून पोलिसांना येणारा संशय.

विषय जड वाटेल, म्हणून आधी वर्गात जाऊ. समजा, वर्गात कंपासपेटी हरवली. बाई म्हणाल्या, "शेवटच्या बाकावरच्यांची दप्तरे तपासा." पुढच्या बाकांची तपासलीच नाहीत. वर्षभरात अशा दहा पेट्या हरवल्या आणि दहाही वेळा शेवटच्याच बाकाची झडती झाली. त्यांत तीन पेट्या सापडल्या. वर्षअखेरीस हिशेब काय निघेल? या वर्गात जेवढ्या चोऱ्या पकडल्या गेल्या, त्या सगळ्या शेवटच्या बाकावर. शंभर टक्के! मग पुढच्या वर्षी पेटी हरवली की कुठे बघायचे, हे कुणी विचारणारसुद्धा नाही. उरलेल्या सात पेट्या कदाचित पहिल्या बाकावरच्या दप्तरात असतील. पण तिथे कुणी हात घातला नाही, म्हणून तो बाक प्रामाणिक ठरला.

(बाई हसताहेत. आपल्या वर्गात असे होत नव्हते, हे मी सर्वांसमक्ष सांगतो.)

सगळा विषय एवढाच आहे. जिथे शोधाल तिथेच सापडेल, आणि जिथे सापडले तिथेच पुन्हा शोधाल. या चक्रात एखादा अधिकारी मनाने वाईट असण्याचीही गरज नसते.

आपल्या भिवंडीत हे कसे दिसते? यंत्रमागाचे गाव. बारा-बारा तासांची पाळी. रात्री दोन वाजता कारखान्यातून चहाला बाहेर पडणारा माणूस ही इथे रोजची गोष्ट आहे. मागावरच्या धाग्यांचा कापूस केसांत, अंगावर बनियन, खिशात ओळखपत्र नाही, बोली बिहारची, उत्तर प्रदेशची किंवा बंगालची. गस्तीची गाडी थांबते. पहिला प्रश्न : नाव काय? दुसरा : राहतोस कुठे? या दोन उत्तरांवर पुढचे ठरते. एक उत्तर दिले तर "जा घरी", दुसरे दिले तर "बस गाडीत". सकाळी मुकादम किंवा चाळीतला कुणीतरी येऊन सोडवून नेतो. कागदावर बऱ्याचदा काहीच उमटत नाही. ना गुन्हा, ना अटक, ना साधी नोंद. त्या माणसाची मात्र एका पाळीची मजुरी गेलेली असते, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढल्याचा शिक्का गल्लीत बसलेला असतो.

हे फक्त एका धर्माचे नाही. आपल्या राज्यात या रोगाचा सगळ्यात जुना रुग्ण कोण, तर पारधी, कैकाडी, भामटा, रामोशी, उचल्या या जमाती. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात जन्म हाच पुरावा होता. अमुक जमातीत जन्मलात म्हणजे पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची आणि परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तर त्यांना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवले होते. गंमत बघा, ज्या रामोशांवर पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या राखणीची जबाबदारी होती, तेही या यादीत गेले! स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणायचे. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुनी नजर नव्या रजिस्टरात उतरली. आजही गावात चोरी झाली की गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण टाळ्या वाजवल्या, पण पालांवरच्या धाडी काही थांबल्या नाहीत.

आता आपल्या गावाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म १९७० च्या आगेमागे झालेला. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी भिवंडी पेटली, मग जळगाव आणि महाडही. चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. त्या आयोगाने मिरवणुकीमागच्या चिथावणीबद्दल, दोन्ही बाजूंच्या संघटनांबद्दल परखड लिहिलेच. पण मला वकील म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. दंगल शमल्यावर गुन्ह्यांच्या तपासासाठी जे खास पोलीस पथक नेमले होते, त्याने तपासातच धर्म पाहून भेदभाव केला, असा स्पष्ट ठपका आयोगाने ठेवला. दंगल रस्त्यावर काही दिवस चालते. पक्षपाती तपास मात्र घरोघरी वर्षानुवर्षे चालतो. ज्याचा भाऊ मारला गेला आणि वर ज्याच्यावरच गुन्हा लागला, तो माणूस पुन्हा कधी साक्ष द्यायला पोलीस ठाण्यात जाईल का?

मे १९८४ तर आपल्याला आठवतोच. आठवीची परीक्षा झाली होती, सुट्टी होती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात काही जागा रिकाम्या होत्या. कुणी मुंब्र्याला गेले, कुणी कल्याणला, कुणी गावी. आपण बाक पुढे सरकवून बसलो आणि त्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही.

पण भिवंडीची गोष्ट तिथे संपत नाही आणि हे मी बाहेर कुठेही अभिमानाने सांगतो. १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. तोवर शांतता समिती म्हणजे ठरावीक पुढारी, पांढरे कपडे, सण जवळ आला की एक बैठक आणि चहा. खोपडेंनी मोहल्ला समित्या काढल्या. त्या त्या भागाची जबाबदारी असलेला फौजदार आणि त्याच गल्लीतली साधी माणसे, म्हणजे मागवाला, भाजीवाला, रिक्षावाला, शिक्षक, बायाबापड्या. दोन्ही समाजांचे लोक एकत्र. बैठका सणापुरत्या नाहीत, नियमित. विषय कोणते? नळ, गटार, भाडेकरूचे भांडण, मुलाची छेडछाड. मोठ्या दंगलीचा विषयच नाही, ती जिथून सुरू होते त्या बारीक कुरबुरींचा विषय.

यातून काय झाले? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार तिथे सुमारे ९०० माणसे मेली, आणि पोलिसांच्या मनात एका समाजाविषयी पूर्वग्रह होता हेही त्या अहवालात नमूद आहे. दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी त्या वेळी शांत राहिली. खोपडेंनी पुढे यावर पुस्तकच लिहिले. त्याचे नाव 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'

मला त्याचे उत्तर असे वाटते : संशय हा ओळखीच्या अभावावर जगतो. फौजदाराला जेव्हा 'त्या मोहल्ल्यातले लोक' एवढेच माहीत असते, तेव्हा त्याला संपूर्ण मोहल्ल्यावर संशय घ्यावा लागतो. जेव्हा त्याला कळते की कोपऱ्यावरच्या घरातला थोरला तापट आहे, धाकटा अभ्यासू आहे आणि समोरचा तो जुगारवाला खरा उपद्व्यापी आहे, तेव्हा त्याला धर्म विचारण्याची गरजच उरत नाही. तो चांगला पोलीस होतो आणि न्यायीही होतो. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

हेही सांगायला हवे की हे काम एकदा करून संपत नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून आपल्याच गावात वाद पेटला. गोळीबारात दोघे गेले आणि नंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. ते पोलीस कुणाचे तरी वडील, कुणाचे तरी भाऊ होते. पोलिसांच्या अन्यायावर बोलताना हे मरण जो विसरतो, त्याचे बोलणे मीही ऐकणार नाही.

आपल्या तुकडीतले दोन मित्र पोलीस खात्यात आहेत. दोघेही समोर बसले आहेत आणि मघाशी चहाच्या वेळी त्यांनी माझी चांगली उलटतपासणी घेतली. त्यांचा मुद्दा असा : "वकीलसाहेब, बारा-चौदा तासांची ड्यूटी, माणसे अपुरी, वरून दबाव. आम्ही अनुभवावर चालतो. अनुभवाला तुम्ही पूर्वग्रह म्हणता."

मुद्दा योग्य आहे, म्हणून नीट उत्तर देतो. साक्षीदार सांगतो की चोर उंच होता, दाढी होती, हिरवा शर्ट होता आणि भोजपुरी बोलत होता. त्या वर्णनाचा माणूस शोधणे हा तपास आहे. त्यात काही गैर नाही. पण कसलेही वर्णन नसताना, दाढी आहे म्हणून थांबवणे, हा तपास नाही. मध्यरात्री बंद दुकानाच्या कुलपाशी कुणी खटपट करत असेल तर त्याला हटका, मग त्याचे आडनाव काहीही असो. वागणुकीवरून आलेला संशय म्हणजे अनुभव, आणि जन्मावरून आलेला संशय म्हणजे पूर्वग्रह. अनुभवी पोलिसाला हा फरक माझ्यापेक्षा जास्त कळतो.

पण खात्यात पूर्वग्रह आहे का? २०१९ मध्ये कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २१ राज्यांतल्या जवळपास १२ हजार पोलिसांशी बोलून अहवाल काढला. त्यात सुमारे निम्म्या पोलिसांनी सांगितले की मुसलमानांचा ओढा स्वभावतःच गुन्ह्यांकडे असतो, असे त्यांना कमी-अधिक प्रमाणात वाटते. मी पोलिसांना दोष द्यायला हे सांगत नाही. पोलीस आकाशातून पडत नाहीत. आपल्याच घरांतून, आपल्याच शाळांतून जातात. तोच प्रश्न आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारला असता तर उत्तर किती वेगळे आले असते?

असा पूर्वग्रह तपासालाच कसा फसवतो, त्याचे उदाहरण आपल्यासारख्याच यंत्रमागाच्या गावातले आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावच्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले मुसलमान, आणि पकडलेले नऊ जणही मुसलमान. बहुतेकांनी पाच वर्षे तुरुंगात काढली. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेचा तपास वेगळ्याच दिशेला गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने या सर्वांना दोषमुक्त केले. त्यांना बळीचा बकरा केले गेले, अशा अर्थाचे निरीक्षणही नोंदवले. नऊपैकी एक जण हे ऐकायला जिवंत नव्हता. आता दुसरी बाजू बघा. स्फोटात ज्यांची मुले गेली, त्या आयांना दहा वर्षांनीही गुन्हेगार कोण हे कळले नव्हते. चुकीचे दप्तर तपासले की कंपासपेटी हरवलेलीच राहते!

आपल्या तालुक्यातही अवघड प्रसंग आले आहेत. ९ डिसेंबर २०२३ रोजी पडघ्याजवळच्या बोरिवली गावात आणि इतर ठिकाणी राष्ट्रीय तपास यंत्रणेने छापे घातले, पंधरा जणांना अटक केली. आरोप गंभीर आहेत, त्यांचा न्याय न्यायालय करील. पुरावा असेल तर कारवाई झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्यानंतर पडघ्याचा पत्ता सांगणाऱ्या, कशातच नसलेल्या पोरांना नोकरीच्या मुलाखतीत काय ऐकावे लागते, तेही मला ठाऊक आहे. पंधरा जणांवर आरोप ठेवता येतो. गावावर ठेवता येत नाही.

बंगाली बोलणाऱ्या मजुरांचेही तेच. बांगलादेशी नागरिक बेकायदा राहत असेल तर कायदा आहे, प्रक्रिया आहे. पण जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकलले गेले आणि मग त्यांच्या राज्य सरकारने कागदपत्रे दाखवल्यावर परत आणावे लागले. मुर्शिदाबाद आणि राजशाहीची बोली कानाला सारखी लागते. म्हणून तर कागद तपासायचे असतात, कान नव्हे.

ज्यांना हे सगळे दुसऱ्या कुणाचे वाटते, त्यांच्यासाठी एक घटना सांगतो. आपल्यातले अनेक जण आता आजी-आजोबा झाले आहेत आणि नातवंडांना सांभाळायला अमेरिकेला जातात. फेब्रुवारी २०१५ मध्ये असेच एक ५७ वर्षांचे गुजराती गृहस्थ अलाबामा राज्यातल्या मॅडिसन गावी मुलाकडे गेले होते. सकाळी फुटपाथवर फेरी मारत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक सडपातळ काळा माणूस संशयास्पद फिरतो आहे. पोलीस आले. यांना इंग्रजी येईना. झटापटीत पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले. मणक्याला इजा होऊन अर्धांग लुळे पडले. त्या पोलिसावरचा खटला टिकला नाही. काही वर्षांनी शहराने भरपाई दिली. त्या आजोबांचा गुन्हा काय? अनोळखी वस्तीत वेगळ्या रंगाने चालणे. भिवंडीतल्या रात्रपाळीच्या कामगाराचा गुन्हा याहून वेगळा नाही.

त्या देशात निदान अडवल्याची नोंद होते, हे मात्र शिकण्यासारखे आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी २०११ मध्ये रस्त्यावर ६ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा लोकांना अडवले. बहुतेक काळे किंवा लॅटिनो, आणि दहातल्या जवळपास नऊ जणांकडे काहीही सापडले नाही. हे आकडे कागदावर होते, म्हणूनच २०१३ मध्ये न्यायालयाला ती पद्धत घटनाबाह्य ठरवता आली. पुढे दोनच वर्षांत हे प्रमाण २५ हजारांच्या खाली आले. गुन्हे वाढतील अशी भीती होती, तसे झाले नाही. आपल्याकडे रात्री कुणाला अडवले, का अडवले, काय सापडले, याची नोंदच नाही. मग अन्याय होतो की नाही, हे पोलिसांनाही सिद्ध करता येत नाही आणि मलाही नाही.

आपल्याकडेही वारे थोडे बदलते आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ दुर्बल समाजात जन्मला म्हणून कुणाचे नाव पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवू नये. ३ ऑक्टोबर २०२४ ला एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर तुरुंगातल्या जातिभेदाच्या तरतुदी रद्द केल्या, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही बजावले. निकाल चांगले आहेत. पण निकाल दिल्लीहून शांतीनगरच्या नाक्यापर्यंत आपोआप चालत येत नाहीत. त्यांना कुणीतरी आणावे लागते.

म्हणून शेवटी तीन विनंत्या करतो.

पहिली, आपल्या घरच्या मुलांना आणि कारखान्यातल्या कामगारांना एवढे शिकवा : अटक केली तर कारण सांगावे लागते, घरच्यांना कळवावे लागते, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. पोलिसाशी हुज्जत घालू नका. शांतपणे, आदराने विचारा. पण विचारा.

दुसरी, पोलिसांना फोन करताना माणूस काय करतोय ते सांगा, तो कोण वाटतोय ते नको. घर भाड्याने देताना, कामावर ठेवताना आपणही शेवटचाच बाक तपासत असतो. पोलिसांची नजर आपल्या नजरेपेक्षा स्वच्छ कशी असेल?

तिसरी, आपल्या या तुकडीत कोकणी मुसलमान आहेत, आगरी आहेत, पद्मशाली आहेत, ब्राह्मण आळीतले आहेत, मारवाडी आहेत. वकील आहेत, डॉक्टर आहेत, कारखानदार आहेत, पोलीसही आहेत. याहून चांगली मोहल्ला समिती कुठे मिळणार? मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी दोन तास शाळेतला एक वर्ग आपल्याला मिळेल. मी आणि आपल्यातले आणखी दोन वकील तिथे बसू. कुणाच्या चाळीतला मुलगा विनाकारण उचलला असेल, कुणाला चॅप्टर केसची नोटीस आली असेल, कुणाचे पासपोर्टचे पडताळणीचे काम अडले असेल, तर पाठवा. पोलीस खात्यातल्या आपल्या दोन्ही मित्रांनी सवड मिळेल तेव्हा येण्याचे कबूल केले आहे. एकाने अट घातली आहे की उलटतपासणी तो घेणार. मान्य!

वहीत नावे लिहून घ्यायला दाराशी बसलो आहे. जेवणाआधी लिहा, जेवणानंतर कुणी थांबत नाही हे मला जुन्या अनुभवाने माहीत आहे.